अरुंद उतारावर हार्ड बूट कार्व्हिंग: पुण्यातली तयारी आणि बर्फावरचा क्रम

गेल्या काही हिवाळ्यांत स्नोबोर्डिंगसाठी पुण्याहून गुलमर्गला जाऊन आलेल्या ओळखीच्या मंडळींनी मला बरेच व्हिडिओ पाठवले. माणसं वेगळी, पण चूक एकच. रुंद उतारावर वळणं छान येतात. मग देवदारांमधली अरुंद पट्टी सुरू होते. पहिलं वळण बरं जातं, दुसऱ्यात वेग वाढलेला असतो आणि तिसऱ्याला बोर्ड आडवा करून खर्रकन ब्रेक. खाली प्रश्न ठरलेला: "दादा, धाडस कमी पडतंय का?"

धाडसाचा इथे काही संबंध नाही. वळण पूर्ण होत नाही, कारण ते सुरूच उशिरा होतं. आणि पुष्कळदा पट्टीच्या रुंदीला न शोभणारा बोर्ड पायाखाली असतो. यातलं निम्मं काम पुण्यात, घरच्या फरशीवर होतं; ते न करता विमानात बसलं की बर्फावरचे चार-पाच महागडे दिवस स्क्रू पिळण्यात जातात.

हा लेख ज्यांना हार्ड बूट, म्हणजे कडक प्लास्टिकचे बूट, घालून रुंद, सौम्य उतारावर दोन्ही बाजूंची वळणं सलग घेता येतात त्यांच्यासाठी आहे. तेवढं जमत नसेल तर अरुंद पट्टीच्या वाटेला अजून जाऊ नका.

चार शब्द आधी पक्के करू. कार्व्हिंग म्हणजे बोर्ड आडवा न घसरवता, कडेवर कलंडवून वळणं घेणं. फॉल लाइन म्हणजे उतारावर लिंबू सोडलं तर ते ज्या वाटेने घरंगळत जाईल ती रेषा. टोसाइड म्हणजे पायाच्या बोटांकडच्या कडेवरचं वळण आणि हीलसाइड म्हणजे टाचेकडच्या कडेवरचं.

## टप्पा १: आधी गणित, तेही पार्किंगमध्ये

बोर्डावर साइडकट रेडियस, म्हणजे कडेच्या आत गेलेल्या बाकाची त्रिज्या, छापलेला असतो: १० मीटर, १३ मीटर, १८ मीटर असा. बोर्ड कडेवर जितका जास्त कलंडेल तितकं वळण लहान होतं. ढोबळ हिशोब असा: साइडकट १० मीटर असेल आणि बोर्ड ४५ अंश कलंडला तर वळणाची त्रिज्या साधारण ७ मीटर; ६० अंश कलंडला तर ५ मीटर.

आता पट्टी किती रुंद हवी ते बघा. एक वळण म्हणजे अर्धवर्तुळ; एक डावीकडे फुगतं, पुढचं उजवीकडे. म्हणजे लागणारी रुंदी त्रिज्येच्या दुप्पट. ५ मीटरच्या वळणाला १० मीटर, शिवाय दोन्ही बाजूंना किमान २-२ मीटर मोकळे: झाले १४. तेच १८ मीटर साइडकटचा जायंट स्लॅलमचा (मोठ्या वळणांच्या शर्यतीचा) बोर्ड ६० अंश कलंडवला तरी त्रिज्या ९ मीटर, म्हणजे एकूण २२ मीटर रुंदी. झाडांमधली पट्टी १५ मीटरची असेल तर तिथे हा बोर्ड घेऊन जाणं म्हणजे तुळशीबागेत बस वळवणं. अरुंद उतारासाठी साधारण १५५ ते १६५ सेंटीमीटर लांबीचा, ९ ते ११ मीटर साइडकटचा बोर्ड घ्या.

वेगाचं कोडंही इथेच सुटतं. ५ मीटर त्रिज्येच्या वळणात शरीर ६० अंश झुकून टिकायला ताशी साधारण ३३ किलोमीटर वेग लागतो. ७ मीटरच्या वळणात ४५ अंशांना ३० किलोमीटर. सकाळी मोकळ्या कर्वे रस्त्यावर स्कूटर जाते तेवढाच. वेग त्याच्या खूप खाली गेला तर झुकता येत नाही, झुकता आलं नाही तर वळण मोठं होतं, आणि मोठं वळण पट्टीत मावत नाही. म्हणून घाबरून मारलेला ब्रेक पुढचं वळण आणखी बिघडवतो.

हे कागदावर पटतं, अंगात उतरत नाही. त्यासाठी रविवारी सकाळी, गाड्या बाहेर पडल्यावर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ५ मीटर सुतळी आणि खडू घेऊन जा. एक टोक मित्राच्या हातात, दुसऱ्याला खडू. एकापुढे एक चार अर्धवर्तुळं काढा, एक डावीकडे, एक उजवीकडे. (आमच्या वॉचमनकाकांनी विचारलं, "ड्रेनेजची लाइन शोधताय का?" आता ते स्वतःच सुतळी धरतात.) मग त्या रेषेवरून, बोर्डावर असल्यासारखे तिरके उभे राहून, हळू चाला.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला लक्षात येतं की अर्धवर्तुळ संपतं तेव्हा तुमचं तोंड पूर्ण बाजूच्या भिंतीकडे असतं. खाली, गेटच्या दिशेने नाही. आणि पुढचं अर्धवर्तुळ तिथूनच सुरू होतं. बर्फावर बहुतेक जण भिंतीकडे वळायच्या आतच पुढचं वळण घेतात, किंवा गेटकडे तोंड झाल्यावर कड बदलतात. दोन्ही चुका पार्किंगमध्ये उघड्या डोळ्यांना दिसतात.

तपासणी: कड बदलण्याच्या जागी मोठ्याने "बदल" म्हणा. त्या क्षणी तोंड भिंतीकडे नसेल तर फेरी पुन्हा.

## टप्पा २: बाइंडिंगची मांडणी, याच क्रमाने

बाइंडिंग म्हणजे बूट बोर्डाला पकडून ठेवणारी जोडणी. क्रम असा: कोन (बाइंडिंग बोर्डावर किती तिरकं बसवायचं तो), दोन पायांतलं अंतर, उंचवटे, आणि सगळ्यात शेवटी बुटाचा पुढचा झुकाव. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलून "आता बरं वाटतंय" म्हणणाऱ्याला नेमकं काय बरं झालं ते कधीच कळत नाही.

कोन आवडीने ठरत नाही. बुटाची लांबी आणि बोर्डाची कमरेची, म्हणजे मधल्या अरुंद भागाची, रुंदी तो ठरवतात. बूट बाइंडिंगमध्ये अडकवा, बोर्ड सतरंजीवर ठेवा आणि एका कडेवर ६० अंशांपर्यंत कलंडवा. बुटाचं टोक किंवा टाच सतरंजीला टेकली तर बर्फावरही टेकणार. तशी टेकली की कड बर्फातून उचलली जाते आणि तुम्ही वळणाच्या बाहेर फेकले जाता. टेकत असेल तर कोन वाढवा. २० सेंटीमीटरच्या आसपास कमरेच्या बोर्डावर बहुतेकांचे कोन ५५ ते ६५ अंशांत येतात. पुढच्या पायाचा कोन मागच्यापेक्षा ३ ते ५ अंश जास्त.

अंतर: १७० सेंटीमीटर उंचीच्या माणसाने ४८ ते ५० सेंटीमीटरपासून सुरुवात करावी. अंतर फार ठेवलं तर मागचा गुडघा अडकतो आणि कंबर पुढे वळत नाही.

उंचवटे: पुढच्या पायाच्या बोटांखाली थोडा, मागच्या पायाच्या टाचेखाली थोडा. त्याने दोन्ही गुडघे नैसर्गिकपणे आत येतात आणि वजन बोर्डाच्या मध्यावर राहतं.

स्क्रूबद्दल जरा सविस्तर, कारण इथे मी स्वतः आपटलोय. बाइंडिंगचे स्क्रू एम ६ मापाचे असतात आणि ते रविवार पेठेत बोहरी आळीत सहज मिळतात. मी गेलो, दुकानदाराने विचारलं, "लांबी?" मी म्हटलं, "द्या हो अंदाजाने." अंदाज चांगला दोन-तीन मिलिमीटर जास्त निघाला. घरी घट्ट पिळले आणि बोर्ड उलटा केला, तर तळाला चार फोड! लांब स्क्रू आतून तळ वर ढकलतो. तेव्हा जुना स्क्रू सोबत न्या, दोन्ही शेजारी शेजारी धरा, डोक्याचा आकारही जुळवा, आणि चार जास्तीचे घ्या. पिळायला तीन नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर. साध्या फिलिप्सने डोकं झिजतं आणि मग गुलमर्गच्या हॉटेलात पकड शोधत फिरावं लागतं.

झुकाव: मागच्या बुटाचा पुढच्यापेक्षा जास्त. पण पुण्यातल्या २८ अंशांत प्लास्टिक मऊ पडतं, बर्फात तेच दगडासारखं होतं. घरी "जरा सैल वाटतोय" म्हणून बूट कडक करून ठेवू नका. तिथे तो आपोआप कडक होणार आहे.

तपासणी: एकच पातळ मोजा घालून, बकल लावून, संध्याकाळी स्वयंपाकघरात ४० मिनिटं उभे राहा. कांदा चिरा, पोळ्या लाटा, काहीही करा. काढल्यावर पायावर एकाच जागी लाल डाग राहिला असेल तर तिथे आतला लायनर साचा देऊन बसवून घ्यायला हवा.

इशारा: बाइंडिंगची कडी ओढून बघा. बूट अडकवून बोर्ड उचलल्यावर बूट किंचितही हलला तर कडीचं अंतर कमी करा.

## टप्पा ३: कडा

जून ते सप्टेंबर पुण्यातली हवा बोर्डाच्या कडांना खाते. माळ्यावर उघडा ठेवलेला बोर्ड ऑक्टोबरमध्ये काढाल तर कडा तपकिरी. म्हणून सीझन संपल्यावर मेणाचा जाड थर तळावर आणि कडांवर तसाच ठेवून द्या, खरवडू नका.

धार लावताना तळाकडचा कोन १ अंश आणि बाजूचा ८८ अंश, ही सुरुवात कडक बर्फाला पुरते. गाइडमध्ये कानस बसवा, एकाच दिशेने, लांब हात. नंतर डायमंड स्टोन फिरवून बारीक कंगोरे काढून टाका. हातानेच, गाइडशिवाय धार लावायचा मोह आवरा. अर्ध्या अंशाचा लहरीपणा बर्फावर लगेच बोलतो. आणि टोकाच्या कडा बोथट करू नका. सॉफ्ट बूटवाल्यांचा तो सल्ला असतो, पण कार्व्हिंगमध्ये वळणाची सुरुवात टोकाच्या कडेनेच होते.

तपासणी: नखाची पाठ कडेवर हलकेच आडवी ओढा. नखाचा पांढरा भुगा कडेवर राहिला तर धार आहे. सगळीकडे सारखा राहायला हवा. बोट मात्र कडेवरून लांबीने ओढू नका.

मेणाला जुनी, वाफेची भोकं नसलेली इस्त्री वापरा; ती सतत हलती हवी. धूर आला की तापमान जास्त झालं. आणि ती इस्त्री परत शर्टांसाठी वापरायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगा.

## टप्पा ४: अंग

जिमचं पुराण लावत नाही. पर्वती चढताना दम लागतो, पण कामाचा भाग उतरण्याचा आहे: पायऱ्या हळू, प्रत्येक पायरीवर गुडघा वाकवून, आवाज न करता. आठवड्यातून तीनदा, दोन महिने.

एक सराव मात्र सोडू नका. गच्चीवर जुन्या गादीवर बोर्ड ठेवा, बूट अडकवा, मित्राला खांद्याशी धरायला सांगा. बोर्ड टोसाइड कडेवर कलंडवा आणि त्याच वेळी वळणाच्या बाहेरचा हात बुटाच्या उंचीपर्यंत खाली न्या. डावा पाय पुढे असणाऱ्याला टोसाइडला बाहेरचा हात डावा. हीलसाइडला उजवा, म्हणजे मागचा, आणि तो पुढच्या बुटाकडे आणायचा. असं केलं की कंबर आत जाते, खांदे जमिनीला समांतर राहतात आणि बोर्ड शरीरापेक्षा जास्त कलंडतो. वेग थोडा कमी असताना वळण लहान ठेवायची हीच एक युक्ती आहे.

प्रवासाचं एकच सांगतो: बूट केबिन बॅगेत, बोर्ड आणि कानस चेक-इनमध्ये. देशांतर्गत विमानात बहुधा १५ किलोची मर्यादा असते, शिवाय बोर्डाची पिशवी लांब. तिकीट काढतानाच खेळाचं सामान म्हणून नोंदवा.

## टप्पा ५: पट्टी निवडणं

गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे आणि प्रसिद्ध आहे ते न दाबलेल्या, भुसभुशीत बर्फासाठी. आपल्याला नेमका तो नकोय. अरुंद कार्व्हिंग बोर्ड त्यात नाक खुपसतो आणि तुम्ही पालथे. मशीनने दाबलेला भाग शोधा, आदल्या दिवशी संध्याकाळी उतारावर गस्त घालणाऱ्या स्की पट्रोलच्या माणसांना विचारा की उद्या कुठे मशीन फिरणार, आणि सकाळी पहिल्यांदा तिथे पोचा. बारानंतर त्याच पट्टीवर ढिगारे झालेले असतात. औलीलाही हाच नियम.

पहिल्या दिवशी उंचीला शरीर सरावू द्या आणि हॉटेलजवळच्या सौम्य, रुंद उतारावर मांडणी तपासा. अरुंद पट्टी दुसऱ्या दिवशी.

इशारा: जगभरच्या उतारांवर पाळला जाणारा नियम असा की पुढे, खाली असलेल्या माणसाचा हक्क आधी. तुम्ही मात्र अख्खी रुंदी वापरत आडवे जाणार, आणि मागून येणाऱ्याला ते अपेक्षित नसतं. म्हणून गर्दीच्या पट्टीत हा सराव नाहीच. वर एक साथीदार उभा ठेवा. त्याने हात वर केला की वरून कुणी येत नाही. "मी बघितलं की" हे पुरत नाही, कारण टोसाइडच्या वळणांमध्ये अर्धा वेळ तुमची पाठ एका बाजूला असते.

## टप्पा ६: पाच उतरणी

पहिली उतरण फक्त बघण्यासाठी. बोर्ड आडवा धरून सावकाश घसरत खाली या. बर्फ निळसर, काचेसारखा कुठे आहे? कडेला मऊ ढीग कुठे? थांबायची जागा कुठली? रुंदी पावलांनी मोजा. १४ मीटर नसेल तर दुसरी पट्टी.

दुसरी उतरण: एकच वळण. सरळ खाली निघा, बोर्ड कलंडवा आणि धरून ठेवा. बाजूला आल्यावरही सोडायचं नाही. बोर्ड उताराच्या वर तोंड करून आपोआप थांबेपर्यंत. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा. वेग कमी करायला ब्रेक लागत नाही, वळण पूर्ण केलं की डोंगरच तो कमी करतो, हे पायांना इथे कळतं.

तपासणी: मागे वळून खूण बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक रेघ असेल तर कार्व्ह. झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा असेल तर घसरलात. रेघ येईपर्यंत तिसऱ्या उतरणीकडे जायचं नाही.

तिसरी उतरण: दोन वळणं आणि थांबा. पुन्हा दोन वळणं आणि थांबा.

चौथी उतरण ही खरी परीक्षा. वळण संपत आलंय, बोर्ड पूर्ण आडवा, तोंड झाडांकडे. आता, खाली न वळता, इथेच कड बदलायची. गुडघे पोटाकडे ओढून घ्या, बोर्ड शरीराखालून पलीकडे जाऊ द्या, आणि डोंगराच्या खालच्या बाजूची कड बर्फात रुतवा. क्षणभर वाटतं आपण दरीत डोकं खाली घालून पडतोय. सगळे उशीर करतात ते याच भीतीने: आधी बोर्ड खाली वळू देतात, मग कड शोधतात. तोवर वेग वाढलेला असतो, कड पकडायला उशीर होतो आणि वळणाचा सगळा भार खालच्या अर्ध्यात येऊन पडतो. तिथे बोर्ड थरथरतो, सुटतो. चूक खाली दिसते, पण झालेली असते वर.

पार्किंगमधलं "बदल" आठवा. इथेही मोठ्याने म्हणा, लाज बाळगू नका.

नजर पुढच्या वळणाच्या शेवटाकडे, समोरच्या बाजूच्या झाडाच्या अलीकडे २ मीटर. बोर्डाच्या नाकाकडे बघणाऱ्याचं वळण नाकाएवढंच असतं.

हीलसाइडला बोर्ड टकटक उड्या मारत असेल तर बहुधा तुम्ही खुर्चीत बसल्यासारखे मागे बसला आहात. कंबर पुढे, मागचा हात पुढच्या बुटाकडे, गुडघे मऊ. टोसाइडला सुटत असेल तर आतल्या हाताने बर्फाला हात लावायचा शौक सोडा. फोटोत तो छान दिसतो, पण खांदा आत पडतो आणि कडेवरचं वजन जातं.

पाचवी उतरण: पूर्ण पट्टी, वळणं मोजत. साथीदाराला खाली मोजायला सांगितलं तर आणखी बरं. ५ मीटर त्रिज्येचं प्रत्येक अर्धवर्तुळ उतारावर सुमारे १० मीटर खाली नेतं, म्हणजे १०० मीटरच्या पट्टीत साधारण १० वळणं. सहा-सातच झाली तर त्रिज्या मोठी आहे, बोर्ड पुरेसा कलंडत नाही. चौदा-पंधरा झाली तर वळणं पूर्ण न करता शेपूट हलवत आलात. तेव्हा वेगही वाढलेला असणार. दोन चुका, दोन वेगळे इलाज, आणि निदान निव्वळ मोजणीने.

## टप्पा ७: वेग हाताबाहेर गेलाच तर

वळणाच्या मध्ये बोर्ड आडवा मारू नका. ज्या कडेवर आहात तीच धरा आणि दुसऱ्या उतरणीसारखं वर वळून थांबा. तेवढी जागा नसेल तरच हीलसाइडवर आडवे होऊन घसरत थांबा. पडणारच असाल तर मुठी बंद, हात छातीजवळ. हात पसरून पडणाऱ्यांची मनगटं जातात. मीही एकदा हीलसाइडला सुटून कडेच्या मऊ ढिगात गेलोय, पाठीवर, बोर्ड हवेत. वाचलो, कारण तो ढीग मी पहिल्या उतरणीत बघून ठेवला होता आणि तिथे झाड नव्हतं.

मांड्या थरथरायला लागल्या की त्या दिवशीची अरुंद पट्टी बंद. त्यानंतर रुंद उतारावर हवं तेवढं खेळा.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर चहा नंतर, आधी कडा कोरड्या फडक्याने पुसा. हीटरशेजारी ओला बोर्ड ठेवला तर सकाळी गंज चढलेला असतो. मग तोच तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि दोन्ही बाइंडिंगचे सगळे स्क्रू एकदा पिळून बघा. दिवसभराच्या थरथरीने एखादा तरी पाव फेरा सैल झालेला सापडतोच.